गवताचा वारसा

अमेरिकेतला गुराखी म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो सिनेमातला. डोक्यावर रुंद काठाची टोपी, मांडीखाली उमदे घोडे, हातात दोराचा फास. तो खलनायकाला लोळवतो आणि मावळत्या सूर्याकडे निघून जातो. पुढे काय होते, हे मात्र चित्रपटवाले सांगत नाहीत. गुराखी म्हातारा होतो, गुडघे दुखू लागतात, मुले शहरात नोकऱ्यांना लागतात, आणि एवढे मोठे कुरण कोणाच्या स्वाधीन करायचे या चिंतेने त्याची झोप उडते. २०२२ सालच्या कृषिगणनेत अमेरिकन शेतकऱ्याचे सरासरी वय ५८ वर्षांच्या वर भरले. आपल्याकडे राज्य सरकारचा कारकून ज्या वयात पेन्शनीत निघतो, ते तिथल्या शेतकऱ्याचे सरासरी वय!

चिंता दुहेरी आहे. जमीन कोणाला द्यायची ही एक, आणि ती कोणत्या अवस्थेत द्यायची ही दुसरी. मरू घातलेले कुरण वारसाच्या हाती देणे म्हणजे कर्जाची वही देण्यासारखेच.

कुरण मरते कसे? गाईने पाते खाल्ले, की गवत मुळांतली शिल्लक खर्चून नवे पाते काढते. ते कोवळे पाते गाईला फार गोड लागते, म्हणून ती पुन्हा तिथेच तोंड घालते. असे वारंवार झाले, की मुळे आखडतात, जमीन उघडी पडते आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. आंद्रे व्हाझँ या फ्रेंच संशोधक-शेतकऱ्याने १९५७ साली आपल्या ग्रंथात हेच मांडले. त्याच्या मते गुरे किती, यापेक्षा ती एका जागी किती वेळ राहतात आणि गवताला विसावा किती मिळतो, हे महत्त्वाचे.

उपाय त्यातूनच निघाला. विजेच्या एकाच तारेने कुरणाचे लहान तुकडे पाडायचे. सगळा कळप एका तुकड्यात सोडायचा आणि एकदोन दिवसांत पुढे हलवायचा. गुरे काही गवत खातात, काही तुडवतात, शेण-मूत्र टाकतात आणि निघून जातात. तुडवलेले गवत मातीवर पांघरुणासारखे पडते. मग त्या तुकड्याला पुरती उभारी येईपर्यंत गुरांचे तोंड दिसत नाही. या पद्धतीचे काही पुरस्कर्ते वाळवंटेही हिरवी करण्याच्या गोष्टी बोलतात. त्या सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य नाहीत, आणि कोरड्या मुलखात सर्वत्र सारखेच फळ मिळते असेही नाही. परंतु विसाव्यावाचून गवत टिकत नाही, याबद्दल वाद नाही.

उत्तर डाकोटा राज्यातील बिस्मार्क शहराजवळच्या गेब ब्राउन यांची हकीकत या बाबतीत पाहण्याजोगी आहे. ब्राउन हे शहरात वाढलेले. शेती आली ती बायकोच्या माहेराकडून. आपल्या भाषेत म्हणायचे तर घरजावईच! १९९१ साली त्यांनी व पत्नी शेली यांनी सासऱ्यांची जमीन विकत घेतली. त्या मातीत सेंद्रिय अंश दोन टक्क्यांहून कमी होता आणि तासाभरात जेमतेम अर्धा इंच पाणी मुरत असे. त्यात १९९५ साली गारपीट, १९९६ साली पुन्हा गारपीट, १९९७ साली अवर्षण, १९९८ साली परत गारपीट! चार वर्षांत हाती काही लागले नाही. खते विकत घ्यायला पैसा उरला नाही, कर्ज मिळेना. गुरांसाठी मिसळीचा चारा पेरणे आणि गारांनी झोपवलेले पीक जमिनीवरच राहू देणे, एवढेच हाती होते. मौज अशी, की याच हलाखीत माती सुधारू लागली, तिच्यात गांडुळे दिसू लागली. पुढे ब्राउन यांनी गुरे जागा बदलत चारण्याचा क्रम धरला. काही वर्षांनी सेंद्रिय अंश तिपटीच्या आसपास गेला आणि तासाला कित्येक इंच पाणी मुरू लागले. मुलगा पॉल कॉलेज आटोपून परत आला, भागीदार झाला, आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत कारभार त्याच्याकडे गेला.

सगळ्याच घरी हे इतके सरळ होत नाही. तीन भावंडांपैकी एक पहाटे उठून वासरे सांभाळतो, दोघे शहरात असतात. बापाच्या मागे जमिनीचे तीन सारखे भाग केले, तर एका भागावर कळप जगत नाही. सगळी एकाला दिली, तर इतर दोघांनी काय करायचे? जमीन लाखांची, बँकेत शिल्लक मात्र बेताची! म्हणून शहाणी कुटुंबे लवकर हालचाल करतात. काही जण शेतीची कंपनी करून तिचे भाग हळूहळू राबणाऱ्या मुलाच्या नावे करतात. काही जण बाहेरच्या मुलांसाठी आयुर्विमा उतरवतात. काही जण आधी गुरे देतात, मग निर्णय देतात, आणि जमीन शेवटी. यांतले कठीण पाऊल मधलेच. सही करणे सोपे असते. मुलाने कळप भलत्या तुकड्यात सोडला तरी गप्प बसणे अवघड!

यात आपल्याला परके असे काय आहे? महाराष्ट्रात १९७०-७१ साली शेतकऱ्याची सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांतून राहणाऱ्या कितीतरी जणांची नावे गावच्या सातबारावर आहेत, आणि बांधावर मात्र एकटा थोरला किंवा धाकटा भाऊ उभा आहे. वाटणीचा विषय निघतो तो बहुधा तेराव्यानंतर, आणि तोही वकिलाच्या साक्षीने.

दिवाळीत भावंडे एकत्र जमतात, आईवडील समोर असतात. फराळ आटोपल्यावर पत्ते काढण्याआधी एकदा सातबारा काढावा. गावी कोण राबतो, त्याला काय हवे आहे आणि माती कशी आहे, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. उत्तरे द्यायला वडील हजर असताना ते विचारलेले बरे.