टेरी : एका घोडेवालीने टिपलेला मुलूख

अमेरिकेच्या मोंटाना राज्याच्या पूर्व भागात, यलोस्टोन नदीच्या काठी टेरी नावाचे गाव आहे. वस्ती सहाशेच्या आत. माइल्स सिटीहून ९४ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने ईशान्येला निघाले की साठ-पासष्ट किलोमीटरवर ते लागते, आणि जवळपास तेवढेच पुढे गेले की ग्लेंडाइव्ह येते. बहुतेक गाड्या टेरीला न थांबता निघून जातात. दोन्ही बाजूंना गवताळ माळ, मधूनच पाण्यावाऱ्याने झिजलेल्या विटकरी आणि राखाडी थरांच्या टेकड्या, आणि वर डोळ्यांत न मावणारे आभाळ. मुद्दाम थांबावे असे वरवर काही दिसत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या माळावर माणसे कशी राबत होती, घोडी कशी धरत होती, मेंढ्या कशा कातरत होती, रविवारी कोणते कपडे घालून शेजारी जात होती, याचा जेवढा भरघोस छायाचित्रसंग्रह टेरीच्या वाट्याला आला आहे, तेवढा अमेरिकेच्या पश्चिमेत फार थोड्या गावांना लाभला असेल. तो सगळा एका बाईने उभा केला. तिचे नाव एव्हलिन कॅमरन, आणि तिचा मूळ धंदा घोड्यांचा.

एव्हलिनचा जन्म १८६८ मधला, लंडनच्या दक्षिणेकडच्या एका श्रीमंत व्यापारी घराण्यातला. वाड्यासारखे घर, हाताखाली नोकरचाकर. १८८९ मध्ये तिने युएन कॅमरन या स्कॉटिश गृहस्थाशी लग्न केले. तो वयाने बराच मोठा, शिकारीचा आणि पक्ष्यांचा नादी. लग्नानंतर दोघे शिकारीसाठी मोंटानात आले, मुलूख आवडला, आणि परत येऊन इथेच राहायचे ठरवले. पोटापाण्याचा बेत असा, की मोंटानातली चपळ तट्टे पाळायची, त्यांना पोलोसाठी तयार करायचे आणि इंग्लंडला विकायचे.

या बेताचे एक टोक आपल्याकडे आहे. पोलो हा खेळ इंग्रज उचलून घेऊन गेले तो मणिपूर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातून. १८६९ पासून तो इंग्लंडात खेळला जाऊ लागला आणि बघता बघता लष्करी अधिकाऱ्यांचा आणि धनिकांचा आवडता झाला. त्या काळी पोलोच्या घोड्यांना उंचीची मर्यादा होती. खांद्यापाशी पावणेपाच फुटांच्या आसपास. म्हणजे मोठी, उमदी घोडी नकोत, लहान, काटक आणि जागच्या जागी वळणारी तट्टे हवीत. गुरांमागे धावून तयार झालेली मोंटानाची तट्टे नेमकी तशीच होती. कागदावर हिशेब चोख होता.

प्रत्यक्षात तो जमला नाही. माळावर मोकळ्या वाढलेल्या जनावरांना वळण लावणे जिकिरीचे होते. पुढे त्यांना आगगाडीने अर्धी अमेरिका ओलांडून, मग जहाजाने अटलांटिक पार करून न्यायचे. त्यात किती तरी दगावली आणि जी पोचली त्यांना अपेक्षेइतका भाव आला नाही. त्यातच १८९३ ची मोठी मंदी आली. घरून येणाऱ्या थोड्या पैशांवर भागेना. युएनची प्रकृती नाजूक, आणि त्याचे लक्ष पक्ष्यांच्या टिपणांत. रँचचा गाडा एव्हलिनच्या खांद्यावर आला.

तिच्या नावावरून ‘ईव्ह रँच’ म्हटल्या जाणाऱ्या त्या जागेवरचा दिवस कसा जात असे, हे आपल्याला नेमके कळते, कारण ती रोज लिहीत होती. १८९३ पासून १९२८ पर्यंतच्या ३५ रोजनिशा आज उपलब्ध आहेत. सकाळी गायींच्या धारा, कोंबड्या, घोड्यांची चंदी-वैरण, चूल, पाव, धुणे. मग बाग. भाजीपाला पिकवून ती गावात आणि गुरे हाकणाऱ्या काउबॉयांच्या तांड्यांना विकायची. कालवडींना डाग देणे, शिंगरांना लगामाची सवय लावणे, लाकडे फोडणे, टेकडीतला कोळसा खणून आणणे, हीही तिचीच कामे. हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांखाली उतरला तरी जनावरांना पाणी पाजायचे असतेच. तिने एका पत्रात लिहून ठेवले आहे की अंगमेहनत हीच आपल्याला खरी आवडणारी गोष्ट, आणि बाईला बळकट करणारीही तीच. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. सुखवस्तू घरातली मुलगी परिस्थितीने कामाला जुंपली गेली, अशी तिची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. पण तिच्या स्वतःच्या लिहिण्यात त्या कामाबद्दल निखळ आनंद आहे.

घरात पैसा येण्यासाठी कॅमरन दांपत्य भाडेकरू पाहुणे ठेवत असे. त्यांतल्याच एकाने १८९४ मध्ये तिला कॅमेरा कसा चालवायचा ते दाखवले. तिने टपालाने कॅमेरा मागवला आणि स्वतःच धडे गिरवत बसली. पाच बाय सात इंचांच्या काचेच्या पट्ट्या, त्यांवर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप. एकेक पट्टी जपून हाताळायची, अंधारात चौकटीत बसवायची, घोड्यावरून मैलोन्‌मैल न फोडता न्यायची आणि आणायची. दिवसभराची कामे उरकल्यावर रात्री त्या धुवायच्या. धुण्याला पाणी भरपूर लागते, आणि या मुलखात पाणी वाहून आणावे लागते.

घोड्यांची छायाचित्रे काढणे हे तर त्या काळी फार कठीण. घोडा एका जागी उभा असला तरी स्वस्थ नसतो. कान फिरतात, शेपूट माशा वारते, एक खूर उचलला जातो, कातडी थरथरते. सावकाश उघडझाप करणाऱ्या कॅमेऱ्यात हे सगळे पुसट होऊन उमटते. म्हणून जुन्या चित्रांत पुष्कळदा स्वार स्पष्ट असतो आणि घोड्याच्या शेपटीचा मात्र धूसर पट्टा झालेला दिसतो. पुढे, १९०५ च्या सुमारास, तिने ग्राफ्लेक्स घेतला. हा कॅमेरा वजनदार, पेटीसारखा. वरच्या बाजूला चामड्याची उभी झडप, तिच्यात डोकावून खाली आरशातले दृश्य पाहायचे आणि नेमक्या क्षणी कळ दाबायची. त्याचा पडदा इतक्या झपाट्याने सरकायचा की चालता घोडा, उधळलेला घोडा, नदीतून पोहत जाणारी जनावरे थांबवून दाखवता येत. ती हा बोजा घेऊन घोड्यावर बसे आणि माळभर फिरे. मला वाटते, जनावर पुढच्या क्षणाला काय करणार हे तिला ठाऊक होते, याचाच तिला सर्वांत जास्त फायदा झाला. ज्याने शिंगरांना लगाम लावला आहे, त्याला कानांच्या हालचालीवरून घोड्याचा बेत कळतो. कळ कधी दाबायची याचे शिक्षण तिला पागेतच मिळाले होते.

छायाचित्राला ती २५ सेंट घ्यायची, डझनाला ३ डॉलर. शेजारीपाजारी, काउबॉय, मेंढपाळ, लोकर कातरणारे, रेल्वेवरचे मजूर, नवीन आलेले शेतकरी, सगळे तिची गिऱ्हाइके. १९०७ ते १९०९ या वर्षांत मिलवॉकी रोड कंपनीचा नवा लोहमार्ग या भागातून गेला. १९०९ च्या कायद्याने कोरडवाहू जमीन कसणाऱ्याला ३२० एकर मिळू लागले आणि जर्मन, रशियातून आलेले जर्मन, नॉर्वेजियन अशी कुटुंबे इथे उतरली. त्यांना मागे राहिलेल्या नातेवाइकांना दाखवायचे होते की आपले बरे चालले आहे. मग दारापुढे खुर्च्या मांडायच्या, घरातली चांगली वस्तू बाहेर आणून ठेवायची, पोरे रांगेत उभी करायची, घोडा धरून एकाने बाजूला राहायचे. मागे मातीचे नाहीतर ओंडक्यांचे ओबडधोबड घर आणि त्यामागे मोकळा माळ. एव्हलिन बहुतेक चित्रे अशी उघड्यावर, नैसर्गिक उजेडात काढायची, आणि म्हणून माणसाबरोबर त्याचे अंगणही येते.

शेजारच्या रँचवरच्या तिघी बकली बहिणींची तिने काढलेली चित्रे माझ्या विशेष आवडीची आहेत. केस तांबडे, म्हणून काउबॉय त्यांना लाडाने लाल कालवडी म्हणत. या मुली रानटी घोडी वठणीवर आणायच्या, दोर फेकून गुरे पकडायच्या. चित्रांत त्या नटून बसलेल्या नाहीत. खोगिरावर अशा बसल्या आहेत की आता कामाला निघायचे आहे आणि मध्येच शेजारीण कॅमेरा घेऊन आली आहे.

स्वतः एव्हलिनही पुरुषांसारखीच दोन्हीकडे पाय टाकून बसायची. त्या काळच्या रीतीप्रमाणे बाईने घोड्यावर एका अंगाने बसावे, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून. तिने दुभागलेला घागरा मागवला आणि तो घालून माइल्स सिटीत गेली. तेव्हा रस्त्यातून असे फिरशील तर अटक होईल, अशी ताकीद तिला मिळाली. १९१४ मध्ये लंडनच्या ‘कंट्री लाइफ’मध्ये मोंटानाच्या काउगर्ल्सवर तिचा लेख आला, त्यात तिने हे नोंदवले आहे. त्या वेळेपर्यंत या मुलखात बहुतेक बायका तिच्यासारख्याच बसू लागल्या होत्या.

तिची स्वतःची दोन चित्रे सर्वांत प्रसिद्ध आहेत. एकात ती जिम नावाच्या आपल्या घोड्याच्या पाठीवर सरळ उभी आहे. असे उभे राहायला घोड्यावर केवढा विश्वास हवा, हे घोडे पाळणाऱ्यालाच समजेल. दुसरे १९०४ च्या ऑगस्टमधले, स्वयंपाकघरातले. मोठ्या भांड्यात पावाची कणीक आहे आणि ती तिंबता तिंबता तिने मान वर केली आहे. मनगटे भरदार, हात कणकेत बुडालेले, चेहऱ्यावर ना लाज ना मिरवणे. पश्चिम अमेरिकेच्या कहाण्यांत पिस्तुले आणि धुरळा फार असतो. पावासाठी कणीक कोण तिंबत होते ते क्वचितच दिसते.

युएनच्या पक्ष्यांच्या अभ्यासालाही तिचा कॅमेरा लागला. ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्याने या भागातल्या पक्ष्यांवर लिहिले. सोनेरी गरुडाच्या घरट्याची चित्रे मिळवायला ती कडे चढून जात असे. १९१५ मध्ये युएन गेला. इंग्लंडला परत जायचा मार्ग मोकळा होता, पण ती रँचवरच राहिली. १९१८ मध्ये तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि एकटीने दहा-बारा वर्षे जनावरे, बाग, कॅमेरा सांभाळला. १९२८ च्या डिसेंबरमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर ती वारली.

घोड्यांचा धंदा या मुलखात कोणालाच कायमचा पुरला नाही. बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटिश लष्कराचे दलाल माइल्स सिटीत हजारोंनी घोडी खरेदी करत होते. पहिल्या महायुद्धात तिथल्या फोर्ट कीओमधून लष्कराला घोडी गेली. मग मोटारी आणि ट्रॅक्टर आले, माळाला कुंपणे पडली, आणि १९२० च्या दशकात मोकळी फिरणारी घोडी गोळा करून मांसाच्या कारखान्यांना पाठवली गेली. कोरडवाहू शेतकऱ्यांपैकीही कित्येक जण दुष्काळात जमिनी सोडून गेले. ज्यांची घरे आज माळावर सापडत नाहीत, त्यांचे दार, अंगण आणि घोडा एव्हलिनच्या काचेवर आहेत.

या काचा वाचल्या त्याचे श्रेय जॅनेट विल्यम्स या तिच्या मैत्रिणीला. एव्हलिनने आपले सारे तिच्या हवाली केले होते, आणि जॅनेटने टेरीतल्या आपल्या घराच्या तळघरात ते पन्नास वर्षे जपून ठेवले. सुमारे १८०० निगेटिव्ह, हजारो छापील प्रती, पत्रे आणि रोजनिशा. १९७० च्या दशकाच्या अखेरीला लेखिका डॉना ल्यूसी तिथे पोचल्या. नव्वदीच्या घरातल्या जॅनेटबाई आधी काही दाखवायला तयार नव्हत्या. हळूहळू त्यांचा विश्वास बसला. ल्यूसी यांनी त्यावर एव्हलिनचे चरित्र लिहिले, आणि मूळ संग्रह हेलेना येथील मोंटाना हिस्टॉरिकल सोसायटीकडे गेला. नव्वदीच्या बाईने अनोळखी पाहुणीला तळघर उघडून देण्याआधी वेळ घेतला, हे मला योग्यच वाटते.

टेरीत पाहायचे ते दोन ठिकाणी. गावात जुन्या बँकेच्या इमारतीत प्रेअरी काउंटी म्युझियम आहे. बँकेचा गल्ला, तिजोरी, रेल्वेच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्तू, आणि वाफेने उबदार ठेवलेले एक शौचालय, ज्याचा गावाला मोठा अभिमान आहे. लागूनच एव्हलिनच्या छायाचित्रांचे दालन आहे. तिथे घाई करू नये. चेहऱ्यांवरून नजर हलवून हातांकडे, जोड्यांकडे, लगाम कसा धरला आहे याकडे पाहावे. संग्रहालय उन्हाळ्यातच उघडे असते, म्हणून आधी फोन करून जावे.

दुसरे ठिकाण गावाच्या वायव्येला, नदीपलीकडे. टेरी बॅडलँड्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झिजलेल्या टेकड्यांचा हा पसारा सुमारे ४४ हजार एकरांचा असून त्यावर सरकारी भूव्यवस्थापन खात्याची देखरेख आहे. वरून बघायला सोय केलेली एक जागा आहे, तिथपर्यंत कच्चा रस्ता जातो. एव्हलिन याच खोऱ्यांमधून फिरली आणि तिच्या कित्येक चित्रांची पार्श्वभूमी इथली आहे. दालन आधी पाहून मग इथे यावे म्हणजे थर ओळखू येतात. मात्र आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर हा रस्ता टाळावा. इथली चिकणमाती भिजली की चाकांना थापच्या थाप बसतात, गाडी आडवी सरकते आणि मदतीला येणारे कोणी जवळपास नसते. ऊन पडून रस्ता वाळेपर्यंत एक दिवस गावातच काढावा आणि तो दालनात घालवावा.