फुलांची ओळख आणि सुवासाविषयीं मतभेद

फुलझाडांसंबंधीं वाचकांकडून जीं पत्रें येतात, त्यांपैकीं बहुतेकांत झाडाचें वर्णन वासावरून केलेलें असतें. ‘फूल पांढरें, लहान, वास मोगऱ्यासारखा परंतु किंचित् गोड, हें झाड कोणतें?’ अशा मजकुरावरून नांव सांगणें कठीण आहे. लिहिणाऱ्यास जो वास गोड वाटला तोच दुसऱ्यास उग्र वाटतो, आणि तिसऱ्यास तो जाणवतही नाहीं. हा केवळ हौशी बागवाल्यांचा प्रश्न असता तर येथें त्याची इतकी चर्चा करण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु वसईकडील सोनचाफा, जव्हार-विक्रमगडकडील मोगरा, पुणें व अहिल्यानगर जिल्ह्यांतील गुलछडी यांवर आज कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. रोप भलतेंच लागलें तर तें कळावयास एक-दोन वर्षें जातात, आणि तोंपर्यंत जमीन, खत, पाणी व मजुरी खर्चीं पडलेली असते. तेव्हां रोप घेतांनाच त्याची ओळख पटली पाहिजे. आणि त्या वेळीं रोपास फूलच नसतें, मग वास कोठून असणार?

ओळखीचा खरा आधार पान होय. जाई, जुई, मोगरा, कुंद हीं सर्व एकाच वंशांतील झाडें आहेत. शास्त्रज्ञ त्या वंशास जॅस्मिनम म्हणतात. फुलें पाहून त्यांत घोटाळा होतो, पानें पाहून सहसा होत नाहीं. मोगऱ्याचें पान साधें, म्हणजे एका देंठावर एकच, रुंद व गुळगुळीत असतें. पानें समोरासमोर लागतात. कांहीं फांद्यांवर एका पेरावर तीन तीनही दिसतात. जाईचें पान याहून अगदीं निराळें. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंस पर्णिकांच्या जोड्या व टोंकास एक पर्णिका, अशा मिळून बहुधा पांच ते नऊ पर्णिका असतात. पुढें कळी आली म्हणजे तिच्या बाहेरच्या अंगास गुलाबी-जांभळट झांक दिसते, ती दुसरी खूण.

जुईच्या पानाची खूण तर अशी आहे कीं, एकदां पाहिली म्हणजे मनुष्य ती विसरत नाहीं. पान दिसावयास एकच. पण त्याच्या देंठाशीं दोन इवल्याशा पर्णिका कानाच्या पाळ्यांप्रमाणें चिकटलेल्या असतात. हिच्या शास्त्रीय नांवांत ऑरिक्युलेटम हा शब्द आहे, त्याचा अर्थच ‘कान असलेली’ असा होतो. कांहीं पानांस ह्या पाळ्या नसतातही, म्हणून एका पानावर निर्णय न देतां वेलाचीं दहा-बारा पानें उलटून पाहावीं. कुंदाचें पान साधेंच, पण त्यावर व कोंवळ्या फांदीवर बारीक लव असते, आणि बोटांत धरलें असतां तें मऊ लागतें. बाजारांत कागडा म्हणून जें फूल येतें तें कुंदाच्याच जातीचें. कागडा वर्षांतील बराच काळ फुलतो, परंतु त्यास वास जवळजवळ नाहीं. कागडा हें वाईट पीक आहे असें मुळींच नव्हे. वेणी-गजऱ्याच्या धंद्यांत त्याचें स्थान पक्कें आहे. पण ज्यानें जुईच्या भावाचा हिशेब मांडून लागवड केली, त्याच्या पदरांत कागडा पडला तर त्या हिशेबाचें काय होईल, तें सांगावयास नको. लवदार पान आणि पाळीदार पान यांतील फरक ओळखावयास दोन मिनिटें पुरतात.

नांवांचा गोंधळ याहून मोठा आहे. उत्तर भारतांत जिला चमेली म्हणतात ती आपली जाईच होय. संस्कृत ‘जाती’पासून जाई व ‘यूथिका’पासून जुई हीं नांवें आलीं. त्यामुळें परप्रांतांतून रोपें मागवितांना ‘चमेली पाठवा’ आणि ‘जाईही पाठवा’ असें लिहिल्यास एकाच जातीचीं दोन पार्सलें येण्याचा संभव आहे. मोगऱ्याच्या पोटांतही भेद आहेत: एकेरी मोगरा, गोल गुंडीसारख्या कळीचा बटमोगरा, लांब टोंकदार कळीचा मदनबाण. मदुरैच्या ज्या मल्लीस २०१३ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला, तीही जातीनें मोगराच.

परंतु ‘चाफा’ या एका नांवाखालीं जेवढा संसार नांदतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही नांवाखालीं नसेल. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळांतला. त्याच्या फांदीवर प्रत्येक पेराशीं भोंवतालीं एक बारीक वळें उमटलेलें असतें. कोंवळ्या पानास झांकणारें आवरण गळून पडल्याची ती खूण होय. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळांतला असून तो वेलासारखा चढतो, व त्याच्या फुलाच्या देंठास आंकडीसारखा बांक असतो. देवचाफा अमेरिकेच्या उष्ण भागांतून आलेला; त्याचें पान तोडलें कीं पांढरा चीक वाहतो. नागचाफ्याचीं कोंवळीं पानें तांबडीं असतात व जून पानांची खालची बाजू पांढरट दिसते. भुईचाफा तर हळदी-आल्याचा सोयरा. त्याचें फूल पानांच्या आधीं जमिनींतूनच वर येतें. अशीं हीं पांच झाडें पांच निरनिराळ्या कुळांतलीं आहेत. ‘चाफ्याचा वास मला सोसत नाहीं’ असें कोणी म्हटलें तर प्रथम ‘कोणत्या चाफ्याचा?’ हें विचारलें पाहिजे. हिरव्या चाफ्यास अति पिकलेल्या फळाचा वास येतो, सोनचाफ्याचा निराळा, आणि देवचाफ्याचा तिसराच. सुवासाविषयींचे अर्धे वाद एवढ्या चौकशीनेंच मिटतात असा अनुभव आहे.

सोनचाफ्याविषयीं आणखी एक सूचना करणें जरूर आहे. बियांपासून केलेल्या रोपास फूल येण्यास पुष्कळ वर्षें लागतात, व फुलाचा रंग आणि वास मूळ झाडासारखाच निघेल याचाही भरवसा नसतो. कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं फुलूं लागतें. म्हणून खोडावर कलमाचा सांधा दिसतो कीं नाहीं हें बोट फिरवून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

अनंत व तगर यांची अदलाबदलही वरचेवर होते, विशेषतः दुहेरी तगरीची. दोन्हींची पानें हिरवीगार व चकचकीत, फुलें पांढरीं व भरगच्च. परंतु तगरीचें पान मोडलें असतां दुधासारखा चीक येतो, अनंताचें मोडलें असतां येत नाहीं. अनंताचा वास मोठा व दुरून येणारा. तगरीचा दिवसा जवळजवळ नसतो, रात्रीं थोडा येतो.

आतां सुवासाच्या वादाकडे वळूं. १९१८ सालीं आल्बर्ट ब्लेक्स्ली या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक लहानशी हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्याकडे व्हर्बिनाचीं झाडें होतीं. त्यांपैकीं एका रंगाचीं फुलें त्यास सुवासिक वाटत, पण त्याच्या सहाय्यकास त्यांना वासच नाहीं असें वाटे. आणि दुसऱ्या रंगाच्या फुलांविषयीं नेमका याच्या उलट प्रकार! दोघांचींही नाकें धड होतीं. एकाचें नाक तीक्ष्ण व दुसऱ्याचें बोथट एवढ्यानें हें कोडें सुटत नाहीं, कारण प्रत्येकास एक फूल येत होतें व एक येत नव्हतें.

त्याचें कारण पुढें कळलें. १९९१ सालीं लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचा एक मोठा जनुकसमूह शोधून काढला, व त्याबद्दल त्यांना २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या नाकांत असे सुमारें चारशें प्रकारचे ग्राहक कामांत असतात, आणि ते सर्व दोन माणसांत सारखे नसतात. बीटा-आयोनोन नांवाचें एक सुगंधद्रव्य आहे. २०१३ सालीं न्यूझीलंडमधील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, एका ग्राहकाच्या जनुकांतील लहानशा फरकामुळें कांहीं लोकांस हें द्रव्य अगदीं थोडें असलें तरी जाणवतें व त्यांना तें फुलासारखें वाटतें. इतरांस तें फार अधिक प्रमाणांत असल्याखेरीज जाणवत नाहीं, आणि जाणवलें तर आंबूस किंवा झोंबरें वाटतें. सोनचाफ्याच्या सुगंधांत हें द्रव्य असतें. अर्थात् सोनचाफ्यांत इतरही पुष्कळ द्रव्यें असल्यामुळें तो कोणालाच निर्गंध वाटत नाहीं. पण सासूस तो नाजूक व सुनेस तो तीव्र वाटला तर दोघींपैकीं कोणी खोटें बोलत आहे असें समजूं नये.

दुसरें द्रव्य इंडोल. हें मोगरा, जाई, निशिगंध, सोनचाफा या सर्वांत असतें. अल्प प्रमाणांत तें फुलाच्या वासास भरीवपणा आणतें. दाट झालें कीं त्याचा वास विष्ठेसारखा किंवा कुजल्यासारखा येतो. उघड्या अंगणांतील मोगरा ज्यास प्रिय, त्यासच बंद खोलींत ठेवलेली परडी नकोशी होते, याचें हें एक कारण दिसतें. रातराणीनें डोकें दुखतें अशी तक्रार करणाऱ्यांस नाजूक म्हणून हंसण्याची रीत आहे, ती बरी नव्हे. खिडकीपासून दहा-पंधरा हात दूर लावलेली रातराणी बहुतेकांस सोसते. खिडकीलगतची पुष्कळांस सोसत नाहीं. मात्र तिच्या वासानें साप येतात हा समज निराधार आहे. दाट झुडपांत बेडूक व उंदीर आश्रयास येतात आणि त्यांच्या मागें साप येतो. त्यांत सुगंधाचा संबंध नाहीं.

वासास वेळ असते, ही गोष्ट धंद्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची होय. रातराणीच्या फुलांचें उमलणें व गंध सोडणें हें त्यांच्या अंगच्या घड्याळाप्रमाणें चालतें, असें १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. मोगऱ्याची पहांटे खुडलेली कळी दिवसभर मुकी असते व संध्याकाळीं उमलूं लागली म्हणजे वास सोडते. झाडावरून काढल्यावरही तिचें हें काम चालूच राहतें. जाईचेंही तसेंच. म्हणून सकाळीं दहा वाजतां कळी हुंगून ‘या जातीस वास नाहीं’ असें ठरविणारा गिऱ्हाईक, आणि त्या मतावरून भाव पाडणारा दलाल, या दोघांचाही आधार कच्चा आहे. गुलछडीच्या बाबतींत तर निवडच वासावर अवलंबून असते. एकेरी गुलछडीचा वास अधिक; सुट्या फुलांस, हारांस व अर्कास तीच लागते. दुहेरीच्या दांड्या फुलदाणींत शोभतात, पण वासांत ती कमी पडते. बंगलोरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें काढलेल्या जातींपैकीं शृंगार व प्रज्वल या एकेरी, तर सुवासिनी व वैभव या दुहेरी आहेत. नांव सुवासिनी असल्यामुळें तीच अधिक वासाची असावी असा तर्क कोणी करूं नये.

झेंडूविषयीं मतभेद फार तीव्र आढळतो. कित्येकांस तो वास दसऱ्याच्या सकाळची आठवण करून देतो, कित्येकांस तो उग्र दर्प वाटतो. येथें नाकापेक्षां संवयीचा भाग अधिक असावा असें आमचें मत आहे. ज्या घरांत लहानपणापासून झेंडूचें तोरण लागलें, त्या घरांतील माणूस त्या वासास क्वचितच नांवें ठेवतो. शेवंतीचेंही थोडेंबहुत असेंच आहे.

नवी जात लावण्यापूर्वीं तिच्या वासाची परीक्षा करावयाची असेल तर ती अशी करावी. एकाच दिवशीं, एकाच वेळीं खुडलेल्या निरनिराळ्या जातींच्या कळ्या वेगवेगळ्या झांकलेल्या भांड्यांत ठेवाव्या, व संध्याकाळीं उमलल्यावर पांच-सहा माणसांकडून पाळीपाळीनें हुंगवाव्या. जातींचीं नांवें आधीं सांगूं नयेत. एका भांड्यानंतर दुसऱ्याकडे जाण्यापूर्वीं मोकळ्या हवेंत थोडें थांबावें, कारण सतत हुंगल्यानें नाक थकतें. दिवसभर फुलांतच बसलेल्या माणसास तर त्यांचा वास जाणवेनासा होतो. हुंगणाऱ्यांत एकदोन गजरेवाल्या बायका अवश्य असाव्या. कोणत्या फुलाचा वास दुसऱ्या दिवशीं बिघडतो आणि कोणतें फूल कोमेजूनही बरें राहतें, हें त्यांना जेवढें ठाऊक असतें तेवढें पुस्तकांत सांपडत नाहीं. सहांपैकीं एकास वास आला नाहीं म्हणून जात टाकून देऊं नये. तिघांस आला नाहीं तर मात्र विचार करावा.

ज्यांना झाडाचें नांव विचारावयाचें असेल त्यांनीं यापुढें नुसतें फूल पाठवूं नये. वीतभर फांदी पानें, कळी व असल्यास फळासह घ्यावी, जुन्या वर्तमानपत्राच्या घडींत दाबून वाळवावी व पुठ्ठ्यांत घालून पाठवावी. पान मोडल्यावर चीक येतो कीं नाहीं, झाड उभें आहे कीं वेल, ताज्या फुलाचा रंग आंतून व बाहेरून कोणता, वास कोणत्या वेळीं येतो, आणि तो घरांतील किती जणांस येतो व किती जणांस येत नाहीं, एवढें सोबतच्या कागदावर लिहावें. वाळल्यावर रंग व वास दोन्ही जातात, त्यामुळें हा कागद फांदीइतकाच उपयोगी पडतो.