निवृत्तीनंतरची सागरसफर : वैद्यकीय दृष्टीने

आमोणे गावी मांडवीच्या काठी माझे बालपण गेले. दवाखाना मुलाच्या स्वाधीन केल्यावर शिडाच्या नौकेतून लक्षद्वीपची बेटे पाहावीत, ही माझी जुनी इच्छा. याच नदीतील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या मोहिमेमागील प्रेरणा होती निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. त्यामुळे एका मित्राने आपल्या छोट्या नौकेवर सोबतीला बोलावले, तेव्हा मी मनाने निघालोही होतो.

परंतु डॉक्टराने आधी हिशेब मांडावा. कोचीहून कवरत्ती सुमारे ४०० किलोमीटर. ताशी नऊ किलोमीटर वेगाने जवळजवळ दोन दिवस लागतात, वारा पडला तर अधिक. वाटेत रुग्णालय नाही. २०१८ मध्ये अभिलाष टॉमी हिंदी महासागरात पाठीला जबर दुखापत होऊन पडले, तेव्हा मदत पोहोचण्यास सुमारे तीन दिवस लागले होते.

साठीनंतर तीन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली, तहान. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास उष्ण हवेत शरीरातील पाणी झपाट्याने घटते. म्हणून तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी प्यावे. दुसरी, बोट लागणे. कानातील तोलाचे इंद्रिय व डोळे यांच्या संदेशांत विसंगती झाली की मळमळ सुरू होते. क्षितिजाकडे पाहावे, गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. मात्र यातील काही गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. समुद्रात हे संकटच. तिसरी, पडणे. हलत्या नौकेवर तोल जातो, शिडाचा आडवा दांडा डोक्यावर बसतो.

येथेच मी थांबलो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी मी रक्त पातळ करणारे औषध घेतो. नौकेवर आम्ही दोघेच असणार. माझ्या डोक्यात रक्तस्राव झाल्यास मित्राने नौका सांभाळावी की मला? समोर रुग्ण असता तर मी क्षणात नकार दिला असता. स्वतःला तो देण्यास मला पंधरा दिवस लागले.

प्रकृती ठीक असलेल्यांनी अवश्य जावे. आधी हृदयतपासणी करावी, औषधांचा दुप्पट साठा दोन ठिकाणी ठेवावा, जीवरक्षक जाकीट व सुरक्षादोर सोडू नये, आणि सोबत तिसरा धडधाकट माणूस घ्यावा. तिसरा मिळाला, तर मित्राला मी पुन्हा विचारणार आहे.