कठीण लागला, पण खडक लागला का?

बोअरिंगवरचा कामगार ‘कठीण लागला’ म्हणाला, की साइटवर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण दख्खनच्या जमिनीत एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं कुजतो आणि मुरमाच्या पोटात न कुजलेले धोंडे तसेच राहतात. बोअर नेमकं अशा धोंड्यावर उतरलं, तर तोच खडक वाटतो. म्हणून कठीण लागल्यावरही काही मीटर खाली जावंच लागतं.

मातीचा अंदाज ठोक्यांवरून बांधतात. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडत पोकळ नळी 45 सेंटिमीटर आत ठोकायची. पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके धरत नाहीत. पुढच्या 30 सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे ‘एन व्हॅल्यू’. वाळूत तिच्यावरून घट्टपणा आणि घर्षणकोन बऱ्यापैकी कळतो. काळ्या मातीत मात्र हा आकडा दगा देतो. उन्हाळ्यात वाळून टणक झालेली माती भरपूर ठोके खाते आणि पावसाळ्यात फुगून भिंती तडकवते. तिचा स्वभाव कळायला साधा प्रयोग आहे: चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एका नळकांड्यात पाणी, दुसऱ्यात केरोसीन ओतायचं. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतल्या आकारमानाचा फरक पाहिला, की फुगवट्याचं प्रमाण हाती येतं.

खडकाची परीक्षा कोअर बॉक्समध्ये, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेले खडकाचे तुकडे ओळीनं ठेवलेल्या पेटीत होते. अमेरिकी अभियंते डॉन डीअर यांनी 1960च्या दशकात सुचवलेली ‘आरक्यूडी’ ही खडकाचा दर्जा मोजायची टक्केवारी आजही वापरतात. दीड मीटर ड्रिलिंगमध्ये 10 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज 90 सेंटिमीटर भरली, तर आरक्यूडी 60 टक्के. ड्रिलिंग करताना मोडलेले तुकडे मात्र जोडूनच मोजायचे. ताजी मोड नजरेला लगेच कळते. इथे आपला बेसाल्ट चकवतो. घट्ट काळा बेसाल्ट दाबाला जबरदस्त, पण बहुधा सांध्यांनी चिरलेला. झिओलाइटचे पांढरे ठिपके असलेला प्रकार त्याहून मऊ, पण बहुतेकदा सलग. त्यामुळे त्याची आरक्यूडी पुष्कळदा जास्त येते. बोगद्यात पाणी गळतं ते सहसा पहिल्यातून. नुसत्या हाताच्या नमुन्याची ताकद पाहून खडक निवडणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं.

घर बांधणार असाल, तर मातीपरीक्षणाचा अहवाल नुसता फाइलला लावू नका. बोअर किती घेतले, खडकात किती खोल गेले, हे इंजिनिअरला विचारा आणि कोअर बॉक्स स्वतः उघडून पाहा.