एका अक्षराचा आजार

'दिन' आणि 'दीन' या दोन शब्दांत फरक केवळ वेलांटीचा. पण पहिल्याचा अर्थ दिवस आणि दुसऱ्याचा दरिद्री. छापखान्यात अशी चूक झाली तर शुद्धिपत्र जोडता येते. शरीरात झाली तर ती पेशीपेशीत आणि पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते. सिकलसेल हा असा एका अक्षराचा आजार आहे. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांत आरोग्यसेवकांच्या बोलण्यात 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे रोजचे शब्द आहेत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते.

आजाराचे मूळ हिमोग्लोबिनमध्ये आहे. तांबड्या पेशीतले हे प्रथिन फुप्फुसातला प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोहोचवते. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बाकी साखळी जशीच्या तशी. पण एवढ्या फरकाने, प्राणवायू सोडून दिला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात. ज्या भागाचा पुरवठा तुटतो तिथे असह्य कळा उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्याच्या आकाराची जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून रक्तक्षय कायमचा. पुढे प्लीहा, हाडे, मूत्रपिंड, मेंदू आणि फुप्फुसेही त्याच्या तडाख्यात सापडतात.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा 'रेणूचा आजार' असल्याचे दाखवले. 1956 मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी चूक शोधायला सुरुवात केली आणि सहावी जागा निश्चित झाली. जनुकाच्या भाषेत 'ए'च्या जागी 'टी' हे अक्षर आले होते. भारतात या पेशी 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदल्या गेल्या. ही चूक टिकली कशी, याचे उत्तर 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिले. चुकीची एकच प्रत असलेल्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यातल्या पूर्वजांना जिने तारले, तीच चूक आज त्यांच्या नातवंडांना छळते आहे.

चूक इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट, तर दुरुस्ती एवढी लांबली का? एक उपाय पूर्वीपासून होता, तो म्हणजे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशीच बदलायच्या. पण त्यासाठी जुळणारा दाता हवा, आणि सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एकच. दुसऱ्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करण्याचा धोका वेगळाच. त्यामुळे प्रश्न असा झाला, की रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी बाहेर काढून, सुधारून परत देता येतील का?

इथे एक जुने निरीक्षण कामी आले. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये लिहिले होते, की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांत आजाराची लक्षणे दिसत नाहीत. याचे कारण गर्भातले हिमोग्लोबिन. ते वेगळ्या जनुकावरून बनते, आणि ते जनुक रुग्णातही धडधाकट असते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे काम थांबते आणि सदोष बीटा साखळी पुढे येते. आजारही तेव्हाच डोके वर काढतो. मोठेपणीही ज्यांच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन भरपूर राहते, त्यांचा आजार सहसा सौम्य असतो. भारतातल्या अनेक रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकीय ठेवणीत हे प्रमाण आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त असते. तरीही विदर्भातल्या कित्येक मुलांचा आजार तीव्र असतो, हेही खरे.

गर्भ-हिमोग्लोबिन बंद करणारा खटका म्हणजे 'बीसीएल11ए' हे जनुक. विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्याची भूमिका दाखवली. चार वर्षांनी, 2012 मध्ये, जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पोंतिए यांनी क्रिस्पर ही जनुकाची कात्री जगापुढे ठेवली. त्यासाठी 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. या दोन वाटा जिथे मिळाल्या, तिथे 'कॅसजेव्ही' हे औषध उभे राहिले. त्याची गंमत अशी, की ते चुकलेल्या अक्षराला हातच लावत नाही. ते रक्तपेशींपुरता 'बीसीएल11ए'चा खटका निकामी करते. रोजचे पातेले फुटके निघाले म्हणून माळ्यावरचे जुने, भक्कम पातेले खाली काढावे, तसे हे आहे.

प्रत्यक्ष उपचार मात्र सोपा नाही. औषधाने मूलपेशी अस्थिमज्जेतून रक्तात आणायच्या, यंत्राने वेगळ्या काढायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. तिथे संपादन आणि तपासण्या होतात. दरम्यान रुग्णाची उरलेली मज्जा बुसल्फान या तीव्र रसायनाने रिकामी करावी लागते. मग सुधारलेल्या पेशी शिरेतून परत. त्या रुजेपर्यंत काही आठवडे रुग्णालयात, संसर्गाच्या छायेत काढावे लागतात. या रसायनाने वंध्यत्व येऊ शकते. सगळ्याला मिळून कित्येक महिने जातात. फळही तसेच मोठे आहे. अमेरिकी परवान्यासाठी तपासलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जण किमान सलग 12 महिने तीव्र वेदनेच्या झटक्यांपासून मुक्त राहिले. मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांनी 2019 मध्ये हा उपचार घेतला आणि नंतर स्वतः जाहीरपणे त्याबद्दल बोलत राहिल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने परवानगी दिली. बीटा थॅलेसेमियालाही हेच औषध लागू पडते, कारण तिथेही बिघाड बीटा साखळीचाच.

या वाटेवर माणसे गमावलीही आहेत. 1999 मध्ये पेनसिल्व्हेनियात यकृताच्या आनुवंशिक आजारावरील चाचणीत विषाणूमार्फत जनुक दिल्यावर अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला. फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेली मुले जनुकोपचाराने बरी झाली, पण पुढे त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. नवे जनुक भलत्या ठिकाणी जाऊन बसले होते. कॅसजेव्हीबरोबरच मान्यता मिळालेल्या 'लिफजेनिया'वरही रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे. म्हणून अशा रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले जाते.

रक्ताला जे साधले ते फुप्फुसाला अजून साधलेले नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात 'सीएफटीआर' जनुक बिघडते आणि श्वासनलिकांत घट्ट, चिकट कफ साचतो. हे जनुक 1989 मध्ये सापडले आणि 1993 मध्येच रुग्णांवर जनुकोपचाराचे प्रयोग सुरू झाले. सगळ्यांना वाटले, फवारा ओढला की जनुक पोहोचेल. पण फुप्फुसाचे कामच मुळी बाहेरून आलेले अडवण्याचे. कफाचा थर, केसाळ पेशी आणि प्रतिकारशक्ती यांनी जनुकवाहक विषाणूला आत येऊच दिले नाही. जे पोहोचले ते वरच्या पेशींबरोबर गळून गेले. ब्रिटनमध्ये वर्षभर दर महिन्याला मेदाच्या कणांतून जनुक देऊन पाहिले. 2015 च्या त्या निष्कर्षात श्वसनक्षमतेचा फरक जेमतेम 3.7 टक्क्यांचा होता. मज्जा बाहेर काढून सुधारता येते, फुप्फुस तसे काढता येत नाही. या रुग्णांना खरा दिलासा दिला तो बिघडलेल्या प्रथिनालाच सावरणाऱ्या गोळ्यांनी. त्यांतली तीन औषधांची 'ट्रायकाफ्टा' 2019 मध्ये आली. मात्र ज्यांच्यात ते प्रथिन बनतच नाही, त्यांना गोळीचा उपयोग नाही. जनुकोपचाराचा शोध आता मुख्यतः त्यांच्यासाठी चालू आहे.

आता पैशाकडे येऊ. अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये, तेही रुग्णालयाचा खर्च सोडून. धानाच्या शेतीवर किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामावर जगणाऱ्या कुटुंबाला हा आकडा उच्चारूनही उपयोग नाही. पण किंमत ही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नव्हे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार19' या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला 2023 मध्ये परवानगी मिळाली, परदेशी उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया 'ए'च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष 2024 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात त्यांचे रक्तस्राव थांबले होते. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार विकसित केला, त्याला बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ 'बिरसा 101' असे नाव दिले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान-हस्तांतराचा करार केला. रुग्णांवरील चाचण्यांतून त्याला अजून स्वतःला सिद्ध करायचे आहे.

तोवर काय? 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीने आजार कळतो, बरा होत नाही. बरे करण्याआधी जगवायचे असते, आणि त्याची साधने स्वस्त आहेत. जन्मतः निदान, लसी, फॉलिक आम्ल आणि हायड्रॉक्सियुरिया. हे शेवटचे औषध गर्भ-हिमोग्लोबिनच वाढवते, म्हणजे अठरा कोटींच्या उपचाराचे तत्त्व थोड्या प्रमाणात का होईना, साध्या गोळीत मिळते. ती गोळी पावसाळ्यात रस्ता तुटला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात शिल्लक असली पाहिजे. आणि एएस लिहिलेले कार्ड मुलीचे लग्न मोडायला वापरले जाऊ नये. वाहक हा आजारी नसतो, आणि वाहक मुलेही तितकीच असतात.

संशोधनाची पुढची दिशा याच गावांच्या सोयीची आहे. 2019 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी प्रत्येकी किमान दहा कोटी डॉलर देऊन सिकलसेल आणि एचआयव्हीवर गरीब देशांना पेलतील असे जनुकोपचार शोधण्याचे ठरवले. मूलपेशी बाहेर न काढता, मज्जा न जाळता, संपादनाची कात्री इंजेक्शनने थेट शरीरात सोडणे हा त्यातला मुख्य विचार. यकृतापर्यंत अशी कात्री पोहोचू लागली आहे. 2025 मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी खास बनवलेल्या अशाच उपचाराची बातमी जगभर गेली. अस्थिमज्जेपर्यंत ती नेमकी पोहोचवणे अजून अवघड आहे. ते जमले, तर निर्जंतुक कक्ष आणि महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम लागणार नाही, आणि गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात या उपचाराची गोष्ट करता येईल.