हात अडकला, पाय तर मोकळे!

श्रोतेहो, डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तासांचं बसणं. बहुतेकांच्या एका हातात सुया. तो हलवायचा नाही. पण पाय तर मोकळे असतात!

मूत्रपिंडं थकली की अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो. ते ओझं ओढून हृदयाचा डावा कप्पा जाड आणि ताठर होतो. म्हणून या रुग्णांना हृदयालाही जपावं लागतं.

इंग्लंडमधल्या लेस्टर इथं १३० रुग्णांपैकी निम्म्यांनी डायलिसिस चालू असतानाच सायकलचं पेडल मारलं. अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, सहा महिने. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. इतरांच्या तुलनेत त्यांच्या डाव्या कप्प्याचं वजन सुमारे ११ ग्रॅमनं कमी भरलं होतं.

मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, तीही पहिल्या दोन तासांत. पुढं पाणी निघत जातं तसा रक्तदाब उतरू शकतो. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबावं. सायकल नसेल, तर पायांचे साधे व्यायाम विचारून घ्यावेत.

रक्त यंत्र गाळतं. हृदयासाठी मात्र आपल्यालाच चालावं लागतं, बसल्या जागी का होईना!