वाळवंटात जोतं किती उंच?

ऑगस्ट 2006. राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात वर्षभरात पडतो जेमतेम पावणेतीनशे मिलिमीटर पाऊस. त्या वर्षी त्याच्या सुमारे दुप्पट पाऊस तीन-चार दिवसांतच कोसळला. कवास आणि मलवा ही गावं बुडाली, जिल्ह्यात शंभरावर माणसं गेली. पाऊस थांबला, पाणी मात्र हलेना. वाळू पाणी पिऊन टाकते, हा सगळ्यांचा समज. पण इथे वाळूखाली जिप्समचा थर होता आणि पाणी त्याच्यावरच अडून राहिलं. महिने उलटले तरी कवासात तळं साचलेलंच होतं.

मातीच्या भिंती विरघळून गेल्या. पुढे ‘सीड्स’ या संस्थेने 300 घरं बांधून दिली. आकार तिथल्या जुन्या घरांचाच, गोल. भिंती मात्र थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांच्या.

तीन वर्षांनी पाळी आली सौदी अरेबियातल्या जेद्दाची. 25 नोव्हेंबर 2009 रोजी तिथे चार तासांत 90 मिलिमीटर पाऊस पडला आणि शंभराहून अधिक बळी गेले. शहराच्या पूर्वेला डोंगर, तिथून समुद्राकडे येणाऱ्या वाद्या, म्हणजे एरवी ठणठणीत कोरडी असणारी ओढ्यांची पात्रं. वर्षानुवर्षं पाणी दिसलं नाही, म्हणून या पात्रांत वस्त्या उठल्या होत्या. बऱ्याच भागांत पावसाळी गटारंच नव्हती. जानेवारी 2011 मध्ये शहर पुन्हा बुडालं, आणि त्यानंतर वाद्यांवर धरणं नि पाणी वळवणारे कालवे बांधण्याच्या कामाला वेग आला.

16 एप्रिल 2024 ला संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे, चोवीस तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. 1949 पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. दुबईत विमानतळाच्या धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या. काँक्रीट आणि डांबराने झाकलेल्या जमिनीत पाणी मुरायला जागा नव्हती. दोन महिन्यांनी दुबईने 30 अब्ज दिरहमची, 2033 पर्यंत पूर्ण करायची निचरा योजना जाहीर केली.

तिन्ही ठिकाणी पाणी अडलं ते वेगवेगळ्या कारणांनी. आराखड्यातली चूक मात्र एकच: सरासरीवर भिस्त. वाळवंटात दहा वर्षं कोरडी जातात आणि अकराव्या वर्षी सगळं एकदम येतं. त्यांची सरासरी काढली तर आकडा निरुपद्रवी दिसतो. उलट, क्वचित येणाऱ्या पावसासाठी सगळीकडे अवाढव्य नळ घालावेत, तर ते एरवी वाळूनेच भरतात. म्हणून मैदानं, बागा मुद्दाम सखल ठेवून पाण्याला काही तास थांबायला जागा द्यावी लागते.

इमारतीपुरतं पाहिलं तर उपाय साधे आहेत. जोत्याची उंची सरासरीवरून न ठरवता मोठ्यात मोठ्या पुरावरून ठरवावी. तळघरातल्या पार्किंगचा उतार सुरू होण्याआधी तोंडाशी चढ द्यावा. विजेचे पॅनेल आणि जनरेटर वरच्या मजल्यावर असावेत. सपाट गच्चीवरचं पन्हळीचं तोंड वाळूने हमखास बुजतं, म्हणून थोड्या उंचीवर दुसरं तोंड ठेवावं. आणि पाया खणण्याआधी जुना नकाशा उघडून, आपला प्लॉट कुठल्या कोरड्या ओढ्यात तर नाही ना, एवढं पाहावं.